गुडघ्यातल्या चार पांढऱ्या रेघा

“हड्डी में कुछ है,” दुर्गचे डॉक्टर एवढंच म्हणाले. फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती. मग चष्मा कपाळावर चढवला, फिल्म डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली. माझा उजवा पाय सरळ होत नव्हता, म्हणून मी बाकावर तिरपा बसलो होतो. माझ्यामागे माझी माय उभी होती.

काळ्या फिल्मवर माझा गुडघा होता. वरचं हाड, खालचं हाड आणि त्या दोन्हींवरून तिरप्या उतरलेल्या चार पांढऱ्या रेघा. हाडाहूनही पांढऱ्या. मला एक्स-रे वाचता येत नव्हता, पण त्या रेघा तिथं असायला नकोत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

डॉक्टर म्हणाले, ट्यूमर असू शकतो. ट्यूमर म्हणजे गाठ, आणि हाडात गाठ म्हणजे वाईट. खात्री त्यांनाही नव्हती. भिलाईच्या सेक्टरातल्या मोठ्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर आले आहेत, त्यांना दाखवा, असं त्यांनी सांगितलं. “अगर वही निकला तो टांग ऊपर से काटनी पड़ेगी,” असं म्हणत त्यांनी पेन्सिलीनं माझ्या मांडीवर जागा दाखवली. त्या जागी मला अजूनही कधी कधी गार वाटतं.

गुडघ्याचा फोटो काढायला सांगितल्यावर ज्यांना भीती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धीर धरा असं मी सांगणार नाही. मला ज्यानं ज्यानं धीर धरायला सांगितलं, त्याच्या डोक्यात काठी घालावी असं वाटायचं. काय झालं ते सांगतो.

आम्ही भंडाऱ्याकडचे. भिलाईचा कारखाना बांधायला माणसं लागतात अशी हाक आली, तेव्हा वैनगंगेकाठची आमच्या समाजाची कितीतरी पोरं आगगाडीत चढली. मी ठेकेदाराकडे खलाशी होतो. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. कप्पी, दोरखंड आणि आपला खांदा यांच्या जोरावर जड सामान उचलून जागेवर बसवणारा. एक भट्टी पेटली होती, दुसरी उभी राहत होती. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, मुरूम आणि लोखंड.

त्या दिवशी आम्ही जाड पाइप खांद्यावर घेऊन चाललो होतो. मुकादमानं “घूमो” म्हटलं, तसे सगळे वळले. माझं अंगही वळलं, पण पाय ओल्या मुरमात रुतलेला होता, तो तसाच राहिला. गुडघ्यात आतल्या आत काहीतरी कट्कन वाजलं. मी खाली बसलो तो उठलोच नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. पुढं सूज थोडी उतरली, पण पाय अर्धवट वाकलेल्या जागी अडकून बसला. कडी लागलेलं दार ढकलावं तसं व्हायचं. उघडायचं नाही, नुसतं दुखायचं.

कारखान्याजवळच्या कोहका गावाच्या कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या, त्यांतली एक आमची. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून गावाहून माय आली. हातात एक गाठोडं आणि चेहऱ्यावर असं काही, की पडलो मी नाही, तीच पडली आहे. रोज सकाळी ती माझा गुडघा मांडीवर घ्यायची, हळद-तेल कोमट करून चोळायची, वर एरंडाची पानं ठेवून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळायची. गुडघ्याच्या मागं, लवणीत, ती जास्त वेळ बोटं फिरवायची. तिथं काय चाललंय ते मला दिसायचं नाही. पट्टी केशरी व्हायची. हळद आहे, असं मी समजायचो.

फोटो काढायची वेळ आली तीही अशीच, पट्टीसकट. दुर्गच्या कंपाउंडरनं पट्टी सोडायला हात लावला आणि मी बोंब मारली, म्हणून त्यानं तशीच समोरून एक फिल्म काढली. बाजूनं दुसरी काढायची होती, पण त्यासाठी पाय आडवा ठेवावा लागतो, आणि तो मी ठेवू दिला नाही. हळदीनं माखलेले पाय त्यानं रोजच पाहिले असतील. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुर्गहून आम्ही परत निघालो. फिल्मचा लखोटा मायनं पदराखाली छातीशी धरला होता. झोपडीत आल्यावर तो पत्र्याच्या पेटीवर उभा ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

हाडांच्या डॉक्टरांची पाळी पुढच्या आठवड्यात होती. तेवढे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुर्ग स्टेशनबाहेर एका पायाचा एक माणूस शेंगदाणे विकायचा. पूर्वी मी त्याच्याकडून शेंगदाणे घेतले होते, गप्पा मारल्या होत्या. आता तो डोळ्यांसमोरून हलेना. एका पायाच्या खलाशाला कोण कामावर ठेवणार? येणारं लेकरू बापाला कसं बघणार? बायकोला कळवायचं कसं? दुखण्यापेक्षा हे प्रश्नच जास्त ठणकायचे. मी तर मनातल्या मनात चालायचा सराव सुरू केला होता, काठी बगलेत धरून, एकाच पायानं.

मायचं वागणं मला समजेना. तिनं तेल लावायचं बंद केलं. पट्टी सोडायला मी सांगितलं की म्हणायची, “नोको बापू, हात नोको लावू त्याले.” जेवत नव्हती. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यापुढं संध्याकाळी मेणबत्ती लावायचा तिचा नेम होता. आता मीच आठवण केली की लावायची, आणि तसबिरीकडं न बघता मागं सरायची. पोराचा पाय जाणार म्हणून आईचं चित्त थाऱ्यावर नाही, एवढंच मला वाटलं. मी तिला म्हटलं, “माय, तू कावून भिऊन राहिली? कापला तर माहा पाय कापतीन.” त्यावर ती इतकी रडली की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मोठ्या दवाखान्यात आम्ही सायकल-रिक्षानं गेलो. इमारत नवी होती, भिंतींना चुन्याचा वास. बाकावर माझ्याआधी बरेच जण होते. कोणाचा हात गळ्यात, कोणाचं डोकं पांढऱ्या पट्टीत. दार उघडलं की सगळे एकदम मान वर करायचे. मग माझं नाव पुकारलं.

हाडांचे डॉक्टर बंगाली होते, बुटके, आवाज मऊ. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. ही पेटी म्हणजे दुधी काच आणि तिच्यामागं दिवा. चार रेघा तिथं आणखीच लखलखल्या. वजन घटलं का, ताप येतो का, झोपेत दुखतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मग म्हणाले, आधी दुसरा फोटो काढू, या वेळी बाजूनंही. तरीही संशय राहिला तर बायोप्सी करू. बायोप्सी म्हणजे हाडाचा बारीक तुकडा कापून तपासायचा.

‘काटना’ हा शब्द मायला कळत होता. ती पुढं आली.

“डॉक्टरसाहेब, माह्या पोराचा पाय नोका कापू. थे हाड नोहोय. थे माहे बोटं हायेत.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, उपाशी राहून राहून मायचं डोकं फिरलं. मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला, पेटीपाशी गेली, हात वर केला आणि चार बोटं त्या चार रेघांवर ठेवली. बरोबर बसली. तिची करंगळी लहानपणी विळ्यानं कापून वाकडी झालेली होती. चौथी रेघही तशीच वाकडी होती.

“म्या शेंदूर लावला,” ती म्हणाली. “कुरुदच्या रस्त्यावरच्या मारुतीचा. रोज तेलात कालवून, चार बोटं त्याच जागी ओढून. याले सांगतलं नाही.”

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा देव्हारा मी स्वतः डोक्यावर घेऊन वैनगंगेत सोडला होता. वस्तीत कोणाच्या घरी लपवलेला देवाचा टाक निघाला, तर त्याला चार गोष्टी सुनावणारा मीच. त्या दिवशी नदीवर माय माझ्याबरोबर होती. तिनं स्वतःच्या हातानं टाक पाण्यात टाकले होते, आणि घरी येऊन पोटभर जेवली होती. म्हणून आता मला राग आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून ती सांगत राहिली. “गावात मारुतीच्या पारावर आमाले चढू देत नोहोते. दुरूनच पाया पडाचो. अथी कोनं इचारलं नाही, तू कोन म्हून. म्हून म्या हात लावला. जल्मात पयल्यांदा लावला. माहा हात लागला म्हून थो कोपला, अना पोराच्या हाडात घुसला.”

डॉक्टरांना मराठी येत नव्हती. मी शेंदराचं हिंदीत सांगितलं आणि थांबलो. ते म्हणाले, “माताजी और भी कुछ बोलीं.” पुढचं सांगताना माझी जीभ अडखळत होती. तरी सगळं सांगितलं, पाराचंसुद्धा.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एक्स-रेच्या खोलीत गेले आणि खुंटीवरचा एक काळा, जाड, बिनबाह्यांचा कोट घेऊन आले. “माताजी, पकड़िए.” मायनं दोन्ही हात पुढं केले. कोट हातात पडताच तिचे हात खाली गेले, इतका तो जड होता. डॉक्टर सांगू लागले आणि मी तिला मराठीत सांगत गेलो. या कोटात शिसं भरलेलं असतं. एक्स-रेचे किरण कातडीतून जातात, मांसातून जातात, हाडात थोडे अडतात, पण शिशातून जात नाहीत. म्हणून यंत्र चालवणारा हा कोट घालतो. शेंदूरही शिशापासूनच बनतो. तो गुडघ्याच्या मागं रोज थरावर थर बसला, किरण तिथं अडले, आणि फिल्मवर तेवढी जागा पांढरी राहिली.

मग ते म्हणाले, “किसी का भी हाथ होता तो यही लकीरें आतीं. पंडितजी लगाते तब भी.”

हे वाक्य मी मायला सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, “कोनाचा बी हात?” मी म्हटलं, होय. तिनं तो कोट बराच वेळ खाली ठेवला नाही.

पट्टी सोडली. लवणीतला लेप स्पिरिटच्या कापसानं पुसला. कापूस केशरी निघाला, दुसरा घेतला, तोही केशरी. गुडघा धुऊन कोरडा केल्यावर फोटो काढले, समोरून आणि बाजूनं. यंत्राखाली मी डोळे मिटून पडलो. घरघर झाली, थांबली. फिल्म धुऊन येईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. डॉक्टरांनी एवढं समजावलं होतं, तरी माझा विश्वास बसला नव्हता. शेंदूर शेंदराच्या जागी, पण खाली गाठ असली तर? माय दाराकडं बघत होती, आणि मी मायच्या तोंडाकडं.

फिल्म आली. हाडं स्वच्छ होती. रेघा नव्हत्या.

मी तिथंच रडलो. बाकावरची माणसं बघत होती, बघोत बिचारी. परत येताना रिक्षात मी मायला म्हटलं, “देव त आपन सोडले होते न, माय?” ती रस्त्याकडं बघत म्हणाली, “देव सोडले बापू. भेव कुठी सुटलं?” भीती म्हणजे काय हे त्या आठवड्यात मीही शिकलो होतो.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पाय अडकलेला तो अडकलेलाच. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. फोटो साफ आला हे ठेकेदाराच्या मुनशीला कळलं, तेव्हा तो म्हणाला, “फोटो साफ तो आदमी साफ. नाटक बंद करो.” शेजारचे लोकही माझ्या काठीकडं वेगळ्या नजरेनं बघू लागले. फोटोत काहीतरी दिसलं तेव्हा पाय जाणार होता. आता काही दिसत नव्हतं, तर रोजी जाणार होती. शिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही ही भीती वेगळीच. रडायलासुद्धा लाज वाटते.

डॉक्टरांनी मात्र विश्वास ठेवला. त्यांनी समजावलं, ते प्रत्येक गुडघेदुखीवाल्यानं लक्षात ठेवावं. एक्स-रेत हाड दिसतं. पण गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये मेनिस्कस असतो. मेनिस्कस म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराची मऊ गादी. ती साध्या एक्स-रेत दिसतच नाही. पाय रुतला आणि अंग वळलं की ती फाटते, आणि फाटलेला काठ मध्ये अडकला की गुडघ्याला कुलूप लागतं. ती बघायची तर सांध्यात सुईनं हवा भरायची आणि मग फोटो काढायचा. याला आर्थ्रोग्राम म्हणतात.

हवा भरायची म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. रक्तात हवा गेली की माणूस जागेवर मरतो, असं झोपड्यांत जो तो सांगत होता. एकानं तर मेलेल्या माणसाचं गावही सांगितलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हवा रक्तात नाही, सांध्याच्या पिशवीत जाते, आणि थोड्या दिवसांत आपोआप जिरते. कळलं सगळं. भीती तसूभरही कमी झाली नाही.

आर्थ्रोग्रामच्या दिवशी मायनं माझा गुडघा साबणानं इतका घासला की कातडी लाल झाली. दाराशी डॉक्टरांनी विचारलं, “माताजी, आज क्या लगाया?” माय म्हणाली, “साबन.” नर्स हसली, डॉक्टर हसले, आणि खूप दिवसांनी मायही पदर तोंडाला लावून हसली.

आत मला टेबलावर झोपवलं. आयोडीन फासलं, गार. आधी बधिर करायची बारीक सुई, मग जाड सुई. तिनं आधी आत साचलेलं पाणी काढलं, मग हवा सोडली. गुडघा आतून ताणत गेला. दुखलं म्हणण्यापेक्षा, आता फुटतो की काय असं वाटत राहिलं. पाय जरा हलवला की आत बुडबुड आवाज यायचा. डॉक्टर पोटरी धरून पाय एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ओढायचे, आणि दर वेळी एक फोटो. मी टेबलाची कड धरून मनात त्रिशरण म्हणत होतो. शब्द पुढं-मागं होत होते.

फिल्म पेटीवर लागली तेव्हा डॉक्टरांनी मला मुद्दाम जवळ बसवून दाखवलं. हवा काळी दिसते. त्या काळ्यात राखाडी रंगाची एक टोकदार पाचर होती, तोच मेनिस्कस. बाहेरच्या बाजूची पाचर अखंड होती. आतल्या बाजूच्या पाचरीतून एक बारीक काळी रेघ आरपार गेली होती. “ये रहा आपका नाटक,” ते म्हणाले. फाटलेल्या गुडघ्याचा कोणाला एवढा आनंद झाला नसेल.

ऑपरेशन झालं. त्या काळी फाटलेली गादी काढूनच टाकत. बाटलीत ठेवलेला तुकडा त्यांनी दाखवला, ओल्या खोबऱ्याच्या कापासारखा. माय बाटलीकडं बघून म्हणाली, “एवढ्याशा तुकड्यापायी?” पुढं पावलाला वीट बांधून पाय उचलायचा व्यायाम सांगितला. तो मी दात-ओठ खात केला. बायकोला मुलगी झाली तोवर मी काठीशिवाय चालत होतो. मुनशीनं मला सामानाच्या गुदामात बसवलं, आणि पुढं मी कारखान्यातच कायम झालो. गुडघा आज म्हातारपणी कुरकुरतो, पण माझाच आहे, जागेवर आहे.

ज्यांचा गुडघा दुखतोय त्यांना दोनच गोष्टी सांगतो. फोटो काढण्याआधी अंगाला काय काय लावलंय ते सगळं सांगा, लाज वाटली तरी. आणि फोटो साफ आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. त्या बंगाली डॉक्टरांची बदली झाली, पुढं पत्ता लागला नाही. त्यांचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत, ते इथं मानतो.

माय जाऊन खूप वर्षं झाली. तिनं फोटो कधी काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की आत निघून जायची. ती गेल्यावर मुलांनी भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला. पेट्या उपसल्या, नातेवाइकांना विचारलं, कोणाकडंच निघाला नाही. तेव्हा मी पत्र्याच्या पेटीतून दुर्गचा तो लखोटा काढला आणि फिल्म खिडकीला लावली. माझा गुडघा होता, आणि त्याच्यावर तिची चार बोटं, करंगळी वाकडी. मुलगी पुढं आली आणि तिनं त्यांवर आपला हात ठेवून पाहिला.